मखरामागचा जोड

गणपती चार दिवसांवर आले की कसबा पेठेत दोन कामं शेजारी शेजारी चाललेली दिसतात. तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर ठोके पडत असतात, आणि त्याच आवाजात वरच्या मजल्यावर कुणीतरी एलईडी पट्टीचं रीळ उलगडून मखर उजळायच्या खटपटीत असतं. तपकीर गल्लीतून आणलेल्या पिशवीत सामानही बहुतेक तेच: पाच मीटरची रंगीत पट्टी, बारा व्होल्टचा अडॅप्टर, छोटी पांढरी डबी आणि चव्वेचाळीस बटणांचं चपटं रिमोट. तासाभरात पट्टी पेटते, बटण दाबलं की रंग बदलतो, घरातली पोरं हरखून जातात.

आमच्या घरीही पहिल्या वर्षी असंच झालं. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी मखराची उजवी बाजू विझली. मागे हात घातला तर पट्टीचे दोन तुकडे जोडणारी प्लॅस्टिकची क्लिप चटका बसावा इतकी तापली होती. पांढरी क्लिप कडेने तपकिरी पडली होती. तिच्यापासून दोन बोटांवर कागदी फुलांची झालर होती. त्या रात्री वीज बंद करून समईच्या उजेडात आरती झाली. पुढची काही वर्षं हा विषय मुळापासून समजून घेण्यात गेली. त्यातून जे हाती लागलं, त्याचा हा आढावा.

घरी बनवलेल्या रिमोट रोषणाईत एकूण पाच प्रश्न असतात: पट्टी कुठली, ती कशाने चालवायची, वीज किती आणि कशी पोचवायची, जोड कसे करायचे आणि शेवटी तो प्रकाश दिसतो कसा. बहुतेकांची सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून, म्हणजे रिमोटपासून होते, कारण कौतुक त्याचंच असतं. माझं म्हणणं असं की क्रम उलटा हवा. आधी वीज, मग जोड, मग प्रकाश आणि सगळ्यात शेवटी रिमोट. रिमोट कधीही बदलता येतं. मखरामागे दहा दिवस झाकला जाणारा जोड मात्र पहिल्याच दिवशी नीट असावा लागतो.

समईपासून पट्टीपर्यंत

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती आणि कसबा गणपती हे पुण्याचं ग्रामदैवत. १८९३ साली सार्वजनिक उत्सवाला सुरुवात झाली, तेव्हा रोषणाई म्हणजे समया, हंड्या आणि झुंबरं. पुढे मिरवणुकीत डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं आली, मग विजेच्या दिव्यांच्या माळा आल्या.

दिवे पळते करायची युक्ती त्या माळांच्या काळातली. मोटरवर फिरणारा लाकडी रूळ, त्यावर ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांना घासत जाणारे संपर्क. रूळ फिरला की एकेक ओळ पेटायची आणि विझायची. बंगालमध्ये चंदननगरच्या कारागिरांनी याच रुळांवर चालणारी चित्रं उभी केली आणि त्यावर अख्खं गाव नावारूपाला आणलं. १९७२ च्या सुमारास ५५५ ही टायमर चिप बाजारात आली. तिच्या जोडीला ४०१७ ही मोजणी करणारी चिप लावली की रुळाचं काम नखाएवढ्या दोन तुकड्यांवर होऊ लागलं. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागलेल्या कित्येक मुलांनी आयुष्यातला पहिला सर्किट बोर्ड बनवला तो या ‘रनिंग लाइट’चाच.

दिवा स्वतः बदलायला मात्र वेळ लागला. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी अमेरिकेत १९६२ साली बनवला. हिरवाही आला. पण निळा मिळेना, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांच्या कामातून नव्वदच्या दशकात तेजस्वी निळा एलईडी हाती आला आणि २०१४ साली तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज मखराला चिकटवली जाणारी प्रत्येक पट्टी त्या निळ्या दिव्याची देणगी आहे.

घरच्या आराशीला आणखी एक वळण मिळालं ते २०१८ साली. राज्याने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली. त्याआधी घरोघरी थर्माकोलची कोरीव मंदिरं असत. त्यांची जागा पुठ्ठा, बांबू, कापड आणि कागद यांनी घेतली. पर्यावरणाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण या सगळ्या वस्तू पेट घेणाऱ्या आहेत, हे त्यांच्यामागे वीज नेताना विसरून चालत नाही.

पट्टीच्या पोटात काय असतं

बाजारातली नेहमीची रंगीत पट्टी ‘५०५०’ नावाने मिळते. हा आकडा दिव्याच्या मापाचा आहे: पाच मिलिमीटर लांब, पाच मिलिमीटर रुंद. त्या एका चौकोनात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. बारा व्होल्टच्या पट्टीत असे तीन चौकोन एकामागोमाग जोडून त्यांच्या वाटेत रोधक, म्हणजे रेझिस्टर, बसवलेला असतो. म्हणूनच पट्टी दर तीन दिव्यांनंतरच्या कात्रीच्या खुणेवरच कापायची असते. मध्येच कापली तर तेवढा गट मरतो. निळ्या किंवा हिरव्या दिव्याला साधारण तीन व्होल्ट लागतात, तिघांचे नऊ झाले. उरलेले तीन रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात. म्हणजे या दोन रंगांची जवळजवळ चौथाई वीज उजेड देण्याआधीच तापण्यात जाते.

मीटरला साठ दिवे असलेली ही पट्टी तिन्ही रंग पूर्ण पेटवले की मीटरमागे १४.४ वॉट घेते. पाच मीटरचं रीळ ७२ वॉटचं, म्हणजे बारा व्होल्टवर सहा अँपिअरचं. साधी एकरंगी, ‘३५२८’ मापाची तेवढ्याच दिव्यांची पट्टी मीटरमागे ४.८ वॉटवर भागते. घरच्या मखराला अनेकदा तीच पुरते.

दुसरा प्रकार पिक्सेल पट्टीचा. डब्ल्यूएस २८१२बी या दिव्याच्या पोटातच चिमुकली नियंत्रण चिप असते. त्यामुळे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो. प्रत्येक दिवा आपल्या वाट्याचे २४ बिट ठेवून घेतो आणि बाकीचा संदेश पुढच्याकडे सरकवतो. पंगतीत बसल्या जागी पत्रावळी पुढे देतात तसा. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे दोनशे दिव्यांचं चित्र सहा मिलिसेकंदांत बदलतं. पळणारी ज्योत, वाहतं पाणी, सूर्योदय हे सगळं या पट्टीवर करता येतं. पण पंगतीतला एक जण उठून गेला की पुढच्यांना काही मिळत नाही: एक दिवा मेला की त्यापुढची सगळी पट्टी थांबते. डब्ल्यूएस २८१५ या सुधारित प्रकारात राखीव संदेशवाट दिलेली असते आणि तो बारा व्होल्टवर चालतो. दहा दिवस विनातक्रार चालवायचं असेल तर दोन पैसे जास्त मोजून तोच घ्यावा.

रिमोटचे चार मार्ग

पहिला मार्ग अवरक्त किरणांचा. टीव्हीच्या रिमोटसारखाच. बटण दाबलं की डोळ्याला न दिसणारा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या तुकड्यांतून बटणाचा क्रमांक जातो. रिमोट बिघडलं आहे की डबी, असा प्रश्न पडला तर मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबावं; जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक. हा मार्ग सर्वांत स्वस्त आणि पोरासोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना जमणारा. दोष दोन. डबीचा डोळा समोर दिसला पाहिजे. त्यावर झेंडूची माळ आली की संपलं. आणि एकाच साच्यातल्या या रिमोटांचे संकेत बहुधा सारखेच असतात, त्यामुळे समोरासमोर मखरं असलेल्या वाड्यात एका घरच्या रिमोटने दुसऱ्या घरचा रंग बदलतो.

दुसरा मार्ग रेडिओलहरींचा, साधारण ४३३ मेगाहर्ट्झचा. जुन्या वाड्याच्या दीड-दोन हात जाड भिंतीतूनही या लहरी जातात, डोळा समोर लागत नाही. स्वतः बनवणाऱ्यांसाठी एचटी १२ई आणि एचटी १२डी ही चिपांची जोडी वर्षानुवर्षं मुलांच्या हातात आहे. तिच्यात पत्त्याचे आठ बिट असतात, म्हणजे २५६ वेगवेगळे पत्ते. आणि हुकमाचे चार. पत्ता बदलला की शेजाऱ्याशी भांडण मिटलं. चार बटणांत चालू, बंद, मंद, प्रखर एवढं बसतं, आणि देवापुढे याहून जास्त क्वचितच लागतं.

तिसरा मार्ग ब्लूटूथचा. फोनवरून चालतो, इंटरनेट लागत नाही. पण तो एका फोनशी बांधलेला असतो आणि तो फोन घेऊन मुलगा ऑफिसला गेला की घरातले अडकतात.

चौथा वाय-फायचा. २०१४ मध्ये आलेल्या ईएसपी ८२६६ आणि दोन वर्षांनी आलेल्या ईएसपी ३२ या चिपांनी छंदिष्टांचं जगच बदलून टाकलं. त्यांच्यावर डब्ल्यूएलईडी ही मोफत प्रणाली चढवली की पिक्सेल पट्टीचे शंभरावर देखावे, वेळापत्रक, मंद-प्रखर सारं फोनवर येतं. कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर ते अवलंबून नसतं. घरात इंटरनेट नसलं तरी चिप स्वतःचं छोटं नेटवर्क उभारते. अडचण गर्दीची. या चिपा २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीनच. पेठेतल्या दाटीवाटीच्या घरांत प्रत्येकाचा राउटर त्याच तिघींवर बसलेला. संध्याकाळी फोन अडखळू लागला तर चिपेला दोष देण्याआधी राउटरची वाहिनी बदलून पाहावी.

चारही मार्ग वापरून झाल्यावर मी एक कसोटी धरली आहे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला, चष्मा न लावता, दिवे चालू आणि बंद करता आले पाहिजेत. म्हणून वाय-फाय असो वा रेडिओ, भिंतीवर एक साधं बटण ठेवायचंच.

विजेचं गणित

आता मुख्य गोष्ट. तीन फूट रुंद आणि चार फूट उंच मखराच्या तीन बाजू मिळून अकरा फूट होतात, म्हणजे सुमारे ३.३५ मीटर. ५०५० पट्टी लावली तर ४८ वॉट, बारा व्होल्टवर चार अँपिअर. पुरवठ्याचा डबा, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, कधीही काठोकाठ भरू नये. ऐंशी टक्क्यांवर थांबावं. ४८ ला ०.८ ने भागलं की ६० येतात. म्हणून ६० वॉटचा, पाच अँपिअरचा एसएमपीएस आणि त्याच्या मुखाशी पाच अँपिअरचा फ्यूज.

फ्यूज का, बारा व्होल्टचा झटका थोडाच बसतो, असं विचारलं जातं. झटका बसत नाही हे खरं. पण तार तापते ती प्रवाहाने. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर डबा देईल तेवढा सगळा प्रवाह त्या चिमटीतून जातो आणि आग लावायला बारा व्होल्ट भरपूर होतात. फ्यूज एवढ्यासाठी.

मग तारेची जाडी. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे १८ मिलिओहम रोध असतो. एसएमपीएस पाच मीटर लांब ठेवला तर जाण्या-येण्याची तार दहा मीटर. सहा अँपिअर प्रवाहावर त्यात एक व्होल्टहून थोडं जास्त हरवतं. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हाच तोटा अर्ध्याहून कमी होतो. पट्टीवरचं तांबं तर कागदासारखं पातळ. म्हणून एका टोकाकडून वीज दिली की लांबलेल्या पट्टीचं दुसरं टोक मलूल होतं, आणि पांढरा रंग तिथे तांबूस दिसतो. कारण व्होल्ट घटले की जास्त व्होल्ट मागणारे निळा आणि हिरवा आधी दमतात, लाल टिकून राहतो. उपाय सोपा: पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्यायची. मोठ्या सजावटीत चोवीस व्होल्टची पट्टी घ्यावी. तेवढ्याच वॉटला प्रवाह निम्मा, आणि तारेतली गळती टक्केवारीत चौथाई.

पिक्सेल पट्टीत हे गणित आणखी कडक होतं. तेवढ्याच मखराला दोनशे दिवे, प्रत्येकी जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर, म्हणजे पाच व्होल्टवर बारा अँपिअर. तिथे अर्धा व्होल्ट हरवला तरी दहा टक्के गेले. शिवाय ईएसपी ३.३ व्होल्टमध्ये बोलते आणि पाच व्होल्टवरच्या दिव्याला ‘हो’ म्हणून ओळखायला नियमाने ३.५ व्होल्ट लागतात. आधीच्या पंधरवड्यात सगळं चालतं आणि नेमकं चतुर्थीला दिवे वेडेवाकडे लुकलुकतात, त्यामागे अनेकदा एवढंच असतं. मध्ये ७४ एएचसीटी १२५ सारखी पातळी वाढवणारी चिप, संदेशाच्या तारेत तीनशे-चारशे ओहमचा रोधक आणि पट्टीच्या तोंडाशी हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हा त्रास जातो.

बारा व्होल्टची साधी रंगीत पट्टी स्वतः चालवायची तर प्रत्येक रंगाला एक मॉस्फेट, म्हणजे छोट्या व्होल्टने उघडणारा विजेचा दरवाजा, लागतो. इथे दुकानात हमखास आयआरएफ झेड ४४ एन हातात ठेवला जातो. तो पूर्ण उघडायला दहा व्होल्ट लागतात. आर्डुइनो या छोट्या नियंत्रण बोर्डाच्या पाच व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापत बसतो. मागायचा तो आयआरएल झेड ४४ एन. एका अक्षराचा फरक, पण एक गार राहतो आणि दुसऱ्यावर बोट ठेवता येत नाही.

बिलाची चिंता मात्र नको. ४८ वॉट, रोज सहा तास, दहा दिवस: २.८८ युनिट. एकरंगी मंद पट्टी असेल तर पुरं एक युनिटही होत नाही. साठ वॉटचे चार बल्ब तेवढाच वेळ लावले तर १४.४ युनिट होत. सार्वजनिक मंडळांचा हिशोब वेगळा, आणि महावितरण त्यांना दरवर्षी अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यायचं आवाहन करतं ते केवळ वसुलीसाठी नसतं. खांबावरून ओढलेल्या आकड्याला ना फ्यूज असतो ना अर्थिंग.

तांबट आळीकडून शिकलेलं

आमची ती तपकिरी पडलेली क्लिप पट्टीला फक्त टोचून बसली होती. पितळेचे दोन बारीक दात पट्टीच्या तांब्याला टेकलेले. दमट हवेत तांब्यावर काळपट थर चढला, संपर्क सैल झाला, रोध वाढला, आणि चार अँपिअर त्या सुईच्या टोकातून जाऊ लागले. उष्णता तिथे जन्मली.

याचं उत्तर घराखालीच होतं. तांबट आळीजवळ कल्हईवाला भांडं कसं हाताळतो ते नीट पाहावं. भांडं आधी घासून लख्ख करतो. मग तापवतो. नवसागर टाकतो, धूर निघतो आणि तांब्यावरचा काळा थर निघून जातो. त्याच क्षणी कथील टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतो. कथील पाण्यासारखं पसरतं आणि तांब्याला धरून बसतं. घासण्यात आळस केला तर कल्हई मण्यासारखी गोळा होते आणि सुटून येते.

सोल्डरिंग हे तेच काम, नखाएवढं. नवसागराच्या जागी राळ, भट्टीच्या जागी इस्त्रीसारखी तापणारी कांडी, आणि कथलात शिसं मिसळलेली तार, जी शुद्ध कथलाच्या २३२ अंशांऐवजी १८३ अंशांपासूनच वितळू लागते. पट्टीवरचा तांब्याचा ठिपका खोडरबराने घासायचा. ठिपक्यावर थोडं कथील चढवायचं, तारेच्या टोकावरही चढवायचं, मग दोन्ही एकत्र आणून दोन सेकंद कांडी टेकवायची. जोड गार होताना हलवायचा नाही. चांगला जोड चकाकतो आणि कडेला उतरता होत तांब्यात मिसळतो. राखाडी, खडबडीत, मण्यासारखा उभा राहिलेला जोड कितीही घट्ट वाटला तरी पुन्हा करायचा. वर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची आणि तारेला जवळच एक टाचण, म्हणजे ओढ जोडावर येत नाही.

सोल्डरमध्ये शिसं असल्यामुळे खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मगच प्रसादाला हात लावावा.

ऊब आणि आग

पट्टीमागचा गोंद कागदाला आणि कापडाला दोन दिवस धरतो. पट्टी तापली की सुटतो. ५०५० पट्टी पूर्ण प्रखर चालवायची तर ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवावी. ती उष्णता ओढून घेते आणि वरच्या दुधी झाकणाने दिव्यांचे टोचणारे ठिपके मऊ होतात. रीळ गुंडाळलेलं असताना चाचणीसाठी दोन सेकंदांपलीकडे पेटवू नये. एकावर एक वेढ्यांत उष्णता अडकते.

घर वाड्यातलं असेल तर आणखी काळजी. लाकडी पट्ट्यांतून नेलेलं जुनं वायरिंग, कधीकाळी दोन बल्ब आणि एका पंख्यासाठी केलेलं. अर्थिंग नसलेली दोन पिनांची सॉकेटं. शनिवारवाडा इथून हाकेच्या अंतरावर आहे. १८२८ च्या आगीत त्याचं सारं लाकूडकाम गेलं आणि दगडी तट व जोती राहिली. लाकडात आग लागली की काय होतं याची खूण आपण रोज पाहतो. म्हणून माझा नियम असा: २३० व्होल्ट मखराच्या आत जायचेच नाहीत. एसएमपीएस बाहेर, हवेशीर जागी, भिंतीजवळ. त्याची उघडी टोकं झाकलेली. तीन पिनांचं अर्थिंग असलेलं सॉकेट. आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी. मखरात फक्त बारा व्होल्ट. तिथे तीर्थाचं पाणी सांडतं, ओल्या दूर्वा असतात, लहान हात असतात. ट्रान्सफॉर्मर न वापरता थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या स्वस्त माळा दिसायला नाजूक असतात, पण त्यांच्या सोललेल्या तारेला लागलेला ओला हात म्हणजे घरच्या मेन लाइनला लागलेला हात. त्या देवघरात नकोतच.

प्रकाश कुणासाठी

इतकं सगळं जमलं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो आईने एका वाक्यात सोडवला. मी तिन्ही रंग मिसळून पांढराशुभ्र उजेड केला होता. ती म्हणाली, “फुलं शिळी दिसतायत रे.”

फुलं सकाळचीच होती. पण लाल, हिरवा, निळा यांच्या मिश्रणातल्या पांढऱ्यात तीन अरुंद शिखरं असतात आणि मध्ये दऱ्या. पिवळ्या-केशरी भागात प्रकाश फार कमी. झेंडू, शेवंती, हळद, शेंदूर, शाडूचा मातकट रंग, सगळे त्याच भागातले. म्हणून मूर्तीवर पडणारा उजेड वेगळ्या उबदार पांढऱ्या पट्टीचा असावा; २७०० ते ३००० केल्विन आणि रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, नव्वदच्या वर. समईची ज्योत सुमारे १९०० केल्विनची असते. तिच्या शेजारी ६५०० चा निळसर पांढरा ठेवला की ज्योत विझल्यासारखी वाटते. रंगीत पट्टी मागच्या पडद्यावर राहू द्यावी.

तीव्रतेचंही असंच आहे. आपला डोळा सरळ हिशोबाने पाहत नाही. दिवा पूर्ण तीव्रतेच्या साधारण २२ टक्क्यांवर आणला तरी डोळ्याला निम्मा वाटतो. म्हणजे डोळ्याला निम्मा उजेड पुरत असेल तर प्रवाह चौथाईहून कमी, उष्णता चौथाईहून कमी, आणि वरचे बहुतेक धोके आपोआप सौम्य. मंद करण्यासाठी दिवा वेगाने चालू-बंद केला जातो. आर्डुइनोचा ठरीव वेग सेकंदाला ४९० वेळा; डोळ्याला कळत नाही, पण आरतीचा व्हिडिओ काढणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये आडवे पट्टे सरकतात. ईएसपी ३२ वर हाच वेग पाच हजारांवर नेला की व्हिडिओ स्वच्छ येतो. परदेशातली मुलं दर्शन त्या व्हिडिओतूनच घेतात, त्यामुळे ही बारीक गोष्ट लहान नाही.

दिवा स्वतः दिसू नये, त्याने उजळलेलं दिसावं. यासाठी मला सापडलेली सर्वांत सुंदर वस्तू तांबट आळीतलीच: मठारलेला तांब्याचा पत्रा. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने त्यावर एक उथळ वाटी उमटलेली असते. पट्टी मूर्तीच्या मागे, पत्र्याकडे तोंड करून लावली की प्रत्येक वाटी एकेक ठिणगी परत देते; तीस-चाळीस एलईडींचे शेकडो दिवे होतात आणि पांढरा उजेड तांब्याचा सोनेरी रंग घेऊन मूर्तीभोवती परततो. ज्या पट्टीला देखाव्यांचे शंभर प्रकार येतात तिच्याकडूनही हे होत नाही.

सार्वजनिक पातळीवर याच विचाराची उणीव जाणवते. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर लेझर बीममुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२४ च्या उत्सवात पुणे पोलिसांना त्यावर बंदी घालावी लागली. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घुसणारा उजेड ही रोषणाई नव्हे.

कुणी काय करावं

पहिल्यांदाच करणाऱ्याने उबदार पांढरी एकरंगी पट्टी, ६० वॉटच्या आतला चांगल्या प्रतीचा बीआयएस नोंदणीचा एसएमपीएस, फ्यूज आणि अवरक्त रिमोटची मंद-प्रखर करणारी साधी डबी घ्यावी. क्लिपा घेऊ नयेत. दोन जोड सोल्डर करायला शिकावं. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी आर्डुइनो, तीन मॉस्फेट आणि ४३३ मेगाहर्ट्झची जोडी घेऊन रिमोट स्वतः घडवावं. सगळा प्रवाह डोळ्यांसमोरून जातो आणि समज पक्की होते. ज्यांचे हात बसले आहेत त्यांनी ईएसपी ३२ आणि बारा व्होल्टच्या पिक्सेल पट्टीकडे जावं. मंडळांची मोठी आरास व्यावसायिकांच्या डीएमएक्स पद्धतीवर चालते. एका साखळीत ५१२ वाहिन्या, म्हणजे १७० रंगीत दिवे. तिथे परवानाधारक वीजतंत्रज्ञ हवाच.

आमच्या मखराला आता सहा जोड आहेत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अर्धा तास दिवे पूर्ण तीव्रतेवर ठेवून मी प्रत्येक जोडावर बोटाची पाठ टेकवून पाहतो. सहाही गार लागले की मगच झालर चढते. विसर्जनानंतर पट्टी ओरबाडून काढत नाही. खाचेसकट उतरवून, जोडांवर सालाची चिठ्ठी लावून, तांब्याच्या पत्र्याबरोबर जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवतो. एवढ्या वर्षांत रिमोट तीनदा बदललं. सगळ्यात आधी सोल्डर केलेला डाव्या कोपऱ्यातला जोड अजून तोच आहे.